गेम डिझाइनमधलं काय पैसे साठवायला उपयोगी पडतं?

पहिली लेव्हल सोपी हवी. पुण्याच्या हिंजवडी आयटी पार्कमध्ये नवीन नोकरी लागली की अनेकजण निम्मा पगार गुंतवायला निघतात, आणि भाडं, डिपॉझिट, गाडीचा हप्ता सुरू झाला की सगळंच सोडतात. बऱ्याच म्युच्युअल फंडांत ५०० रुपयांची एसआयपीही (दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणं) चालते. पगारानंतर लगेचची तारीख द्या, पगारवाढ झाली की रक्कम वाढवा.

दुसरं, प्रगती डोळ्यांना दिसायला हवी. पीपीएफ या सरकारी बचत योजनेची मुदत १५ वर्षांची, शेवट नजरेत येत नाही. कपाटाच्या दाराला आतून १८० चौकोनांचा कागद लावा, महिन्याला एक रंगवा. खरंच हुरूप येतो.

सहा महिन्यांचा खर्च एफडीत असू द्या, तोच सेव्ह पॉइंट: हरलात तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

गेममधली अनिश्चित बक्षिसाची ओढ मात्र उचलू नका. दिवसभर भाव बघत ऑप्शन्स (शेअर बाजारातले भाव वर जाणार की खाली यावरचे सौदे) खेळायला लावते ती हीच.