विद्यापीठाचा लोगो वापरण्याचे नियम खरंच तंतोतंत पाळावे लागतात का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पुण्यातल्या एका महाविद्यालयात तुम्ही शिकता, चर्चासत्राचं पोस्टर, फ्लेक्स आणि प्रमाणपत्रं करून घ्यायची जबाबदारी तुमच्यावर आली आहे. विद्यापीठाने लोगो कसा वापरायचा याची भलीमोठी मार्गदर्शिका पाठवली आहे आणि तुमचे सर म्हणताहेत, "लोगो मोठा घे, जरा उठून दिसू दे." मग ती मार्गदर्शिका कितपत मनावर घ्यायची?

पूर्ण मनावर घ्या. मी बरीच वर्षं नारायण पेठेत छपाईची आर्टवर्क तयार करतो. कॉलेजांचे वार्षिकांक, अहवाल, प्रमाणपत्रं रोज हाताखालून जातात. या कामात मला एक गोष्ट पक्की कळली आहे. लोगोचे नियम मुद्दाम कोणी मोडत नाही. फाइल एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा ते आपोआप मोडतात, त्यामुळे तुमचं खरं काम तिथे आहे.

हा प्रवास कसा होतो बघा. ऑफिसातलं कोणीतरी वर्डच्या लेटरहेडवरून लोगो कॉपी करतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवतं. तिथे तो दाबला जाऊन आणखी लहान होतो. दुकानातला ऑपरेटर तोच दहा फुटी फ्लेक्सवर चढवतो आणि लोगो फुटतो. मागचा पांढरा चौकोन नको म्हणून तो घाईत कापला जातो, त्यात कडेची बारीक अक्षरं कुरतडली जातात. मधल्या जागेत बसत नाही म्हणून आडवा ताणला जातो. रंग फिका वाटला तर नजरेच्या अंदाजाने गडद केला जातो. मार्गदर्शिकेतली निम्मी पानं इथेच वाया गेली, आणि यातल्या एकाही माणसाचा हेतू वाईट नव्हता.

म्हणून पहिल्याच दिवशी विद्यापीठाकडून किंवा तुमच्या कार्यालयाकडून मूळ व्हेक्टर फाइल मागा, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या रूपात साठवलेली, कितीही मोठी केली तरी न फुटणारी. एआय (इलस्ट्रेटर सॉफ्टवेअरची फाइल), ईपीएस, एसव्हीजी किंवा पीडीएफ, काहीही चालेल. पीडीएफ मिळाली म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका, कारण आत जेपीजी चिकटवून केलेली पीडीएफही असते. ती उघडून ८०० टक्के मोठी करून बघा. कडा तशाच धारदार राहिल्या तर ती व्हेक्टर, पायऱ्या-पायऱ्या दिसायला लागल्या तर नाही. पुढे पाठवताना ईमेलने पाठवा किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आणि दुकानदार म्हणाला, "लोगो आहे आपल्याकडे, काळजी करू नका," तर तिथे नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगतो, कारण पुण्यात संस्थांची नावं बदललेली आहेत. १९४९ साली स्थापन झालेलं आपलं विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. १८५४ पासूनचं इंजिनिअरिंग कॉलेज २०२२ मध्ये सीओईपी टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी झालं. दुकानांच्या संगणकांत मात्र जुने फोल्डर तसेच पडून असतात. जुन्या नावाचा लोगो नव्या प्रमाणपत्रावर छापलेला मी स्वतः पाहिला आहे. सावित्रीबाईंचं नाव विद्यापीठाला मिळावं म्हणून लोकांनी किती वर्षं मागणी केली होती! ते नाव कोणाच्या तरी जुन्या फाइलमुळे गळून पडावं, हे मला सहन होत नाही. नाव टाइप करताना ऱ्हस्व-दीर्घही तपासा: 'वि' पहिला, 'त्री' दुसरी, आणि 'विद्यापीठ'मधला 'पी' दुसरा.

आता प्रमाणपत्र. पोस्टर आठवडाभर भिंतीवर असतं, प्रमाणपत्र माणूस फाइलमध्ये आयुष्यभर जपतो आणि नोकरीच्या मुलाखतीत पुढे करतो. समोरचा त्या कागदावर विश्वास ठेवतो तो त्यावरच्या चिन्हामुळे. म्हणून कित्येक विद्यापीठं लोगो आणि अधिकृत मुद्रा वेगळ्या ठेवतात. मुद्रा पदवी, गुणपत्रक अशा कागदांपुरती, आणि लोगो रोजच्या वापराला. तुमच्या मार्गदर्शिकेत असा भेद असेल तर सहभागाच्या प्रमाणपत्रावर मुद्रा अजिबात घेऊ नका, कितीही भारदस्त दिसली तरी. लोकांचा मुद्रेवर केवढा जीव असतो याचं एक उदाहरण सांगतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१२ साली एक नवा, आधुनिक लोगो आणला. पदव्यांवर जुनी मुद्राच राहणार होती, तरी विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी एवढे खवळले की काही आठवड्यांत तो लोगो मागे घ्यावा लागला.

लोगोभोवती मोकळी जागा सोडायला आणि किमान आकार पाळायला सांगितलेलं असतं, त्यालाही छपाईतलं कारण आहे. गोल चिन्हाच्या कडेने अक्षरं असतील तर फार लहान आकारात शाई पसरून त्यांची पोटं बुजतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असली तर आणखी लवकर बुजतात. पेनावर किंवा बिल्ल्यावर छापायचं असेल तर बहुतेक मार्गदर्शिका त्यासाठी साधी, कमी तपशिलाची आवृत्ती देतात. ती शोधा. टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगला एकरंगी आवृत्ती वापरा. रंगीत लोगो नुसता काळा-पांढरा करून टाकला की त्यातले फिके भाग करडे होऊन वाहून जातात, आणि एकरंगी आवृत्ती नेमकी त्यासाठीच वेगळी काढलेली असते.

रंगाचं थोडक्यात सांगतो. स्क्रीनसाठी दिलेला आरजीबी आकडा प्रेसला देऊ नका. चकचकीत निळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, जांभळट होतो, आणि मग प्रेसवाल्याशी वाद घालून उपयोग नसतो. पॅन्टोन म्हणजे छपाईच्या रंगांची क्रमांक दिलेली यादी. तिच्यातल्या क्रमांकापुढे सी किंवा यू लिहिलेलं असतं. सी म्हणजे आर्ट पेपरसारखा गुळगुळीत कागद, यू म्हणजे मॅपलिथोसारखा शाई पिणारा कागद. एकच शाई दोन्हीकडे वेगळी दिसते, म्हणून दोन नोंदी. फ्लेक्सचा रंग तर मशीनगणिक बदलतो. पूर्ण फ्लेक्स काढण्याआधी लोगोचा वीतभर तुकडा छापून मागा. ओळखीचा दुकानदार नाही म्हणत नाही.

आता ज्या भागासाठी मी मुळात हे उत्तर लिहायला बसलो, तो म्हणजे मराठी मजकूर. मी पाहिलेल्या बहुतेक मार्गदर्शिका इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. त्यात इंग्रजी फॉन्टचं नाव असतं, 'शीर्षक कॅपिटलमध्ये' असतं, 'अक्षरांत थोडं अंतर वाढवा' असतं. आपल्याकडे कॅपिटल नाहीत. आणि अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेषा जागोजाग तुटते, शब्दाचे तुकडे लोंबकळायला लागतात. देवनागरीला ते अंतर शून्यच ठेवा. इटॅलिकही टाळा. सॉफ्टवेअर नुसती अक्षरं तिरकी ढकलतं आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन आदळतात. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, कारण आपल्या अक्षरांना वर रफार-मात्रा आहेत आणि खाली उकार. लोगोभोवतीची मोकळी जागा मोजतानाही वरच्या मात्रेच्या टोकापासून मोजा, शिरोरेषेपासून नको.

फॉन्ट कोणता, हे मार्गदर्शिकेत नसेल तर आधी विद्यापीठाला विचारा. उत्तर येईपर्यंत 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' यांपैकी एक घ्या. दोन्ही मोफत आहेत, युनिकोड आहेत आणि दोन्हींत अनेक जाड्या मिळतात, त्यामुळे शेजारच्या इंग्रजी फॉन्टशी वजन जुळवता येतं. पॉइंटचा आकडा सारखा ठेवून भागत नाही, प्रिंट काढून डोळ्यांनी जुळवा. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात का तेही बघा. हिंदी वळणाची अक्षरं असलेले फॉन्ट सर्रास वापरले जातात, आणि मराठी विद्यापीठाच्या कागदावर ती मला परकी वाटतात.

इथे दुकानातली एक अडचण लक्षात ठेवा. अनेक डीटीपी ऑपरेटर अजून कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर काम करतात. त्यांचा हात त्यावर बसला आहे आणि त्यांचा वेग थक्क करणारा आहे. पण तुमचा युनिकोड मजकूर त्या फॉन्टमध्ये बदलताना 'ऱ्या', 'ऱ्ह' आणि काही जोडाक्षरं बिघडतात. त्यामुळे मजकूर स्वतः मांडून, अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे फॉन्टची गरज उरणार नाही अशा रेषांच्या आकारांत बदलून) पीडीएफ द्या. कर्व्ह केल्यानंतरचं प्रूफ कागदावर काढून पुन्हा वाचा, आणि कर्व्ह न केलेली फाइल स्वतःकडे जपून ठेवा. पाहुण्यांचं पद शेवटच्या दिवशी बदलतंच.

सरांना काय सांगायचं? लोगो मोठा केला म्हणून उठून दिसत नाही, भोवती जागा असली की उठून दिसतो. हे बोलून पटत नाही. दोन्ही नमुने ए-४ वर छापून भिंतीला लावा आणि सरांना चार पावलं मागे उभं करा. संस्था, महाविद्यालय, विद्यापीठ आणि प्रायोजक अशी लोगोंची रांग लागणार असेल तर सगळ्यांना एका उंचीच्या पट्टीत बसवू नका. आडव्या लोगोपुढे गोल लोगो खुजा दिसतो, म्हणून आकार डोळ्यांना सारखे वाटतील असे जुळवा. प्रायोजकांना खालच्या पट्टीत, रेघ मारून वेगळं ठेवा. महाविद्यालय संलग्न असेल तर 'संलग्न' हा शब्द स्पष्ट लिहा, म्हणजे कार्यक्रम विद्यापीठाचा की तुमचा, ही शंका उरत नाही. सरकारी अनुदान आहे म्हणून कोणी चार सिंहांची राजमुद्रा टाकायला सांगितली तर लेखी परवानगीशिवाय टाकू नका. तिच्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि 'सत्यमेव जयते' हा तिचाच भाग आहे.

गणेशोत्सवात लोगोला फेटा, दिवाळीत पणती, हेही नको. तुमच्या हौसेला उरलेला सगळा कागद मोकळा आहे. कार्यक्रमाचं नाव हाताने लिहा, चित्र काढा, ओंकारेश्वराच्या घाटाचा फोटो घ्या, रंग खेळा. मार्गदर्शिका तिथे तुमचा हात धरत नाही.

तुमच्या मार्गदर्शिकेत मराठीचं पान नसेल, तर काम झाल्यावर तुम्ही वापरलेला फॉन्ट, ओळींतलं अंतर आणि छापलेला एक नमुना जोडून विद्यापीठाला पत्र लिहा, की हे पान त्यात घाला. त्याची एक प्रत आणि व्हेक्टर फाइल पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी विभागातल्या संगणकावर ठेवा. प्रूफ छपाईला जाण्याआधी कोणाला दाखवायचं असेल तर मला इथेच संदेश पाठवा, मी बघून देईन.