सहा वर्षांच्या मुलीला आकाश, फुलपाखरू आणि फुग्याचं चित्र नीट रंगवायला कसं शिकवू?

तुम्ही लिहिलंय की मुलीकडे तेलखडू आहेत आणि कागदावर ढग, सूर्य, एक फुलपाखरू आणि हातातून सुटलेला फुगा आहे. आकाशात पट्टे उमटतात, सूर्य हिरवट होतो आणि फुगा चकतीसारखा चपटा दिसतो. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत दर रविवारी घरीच लहान मुलांना चित्रकला शिकवते. या तिन्ही अडचणी माझ्याकडच्या जवळजवळ प्रत्येक मुलाला आल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आकाश, कारण सगळं चित्र त्यावरच उभं राहतं. मुलं निळा खडू घेतात आणि वरपासून खालपर्यंत एकाच दाबानं घासत सुटतात. तुम्ही कोल्हापूरचेच आहात, तर पाऊस नसेल अशा सकाळी तिला रंकाळ्यावर न्या. आधी डोक्यावरचं आकाश बघायला सांगा, मग पलीकडच्या काठावर झाडांच्या शेंड्यांना टेकलेलं. वर गडद निळं, खाली फिकट, अगदी पांढुरकं. खालच्या बाजूचा उजेड खूप जास्त हवेतून आपल्यापर्यंत येतो, म्हणून तिथला निळा विरतो. हे कारण तिला आज कळलं नाही तरी चालेल. एकदा डोळ्यांनी दिसलं की हात आपोआप हलका पडतो. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे, तिथली निसर्गचित्रंही दाखवा, आणि त्यात फक्त आकाश बघायला सांगा.

घरी आल्यावर खडूवरचा कागद सोलून टाका आणि खडू आडवा धरायला शिकवा. टोकानं घासलं की पट्टे येतात, आडव्या खडूनं येत नाहीत. वर दाब जास्त, खाली उतरताना कमी कमी, आणि तळाशी चार बोटं जागा कोरीच. मग कापसाच्या बोळ्यानं गोल गोल पुसायचं.

ढगांसाठी पांढरा खडू वापरू देऊ नका. निळ्यावर पांढरा घासला की ढग मळके दिसतात. कोरा कागद हाच तिच्याकडचा सगळ्यात उजळ रंग आहे. ढगाच्या कडेकडेनं निळा फिरवायचा आणि आत हात लावायचा नाही. मला विचाराल तर या चित्रात तिनं शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, जागा सोडणं. मुलांना भरायला आवडतं, सोडायला धीर लागतो.

पांढऱ्या खडूची खरी गंमत जलरंगात आहे. कोऱ्या ड्रॉइंग शीटवर त्यानं दाबून ढग काढायचे आणि वरून पातळ निळा जलरंग फिरवायचा. मेणावर पाणी टिकत नाही, त्यामुळे ढग आपोआप उमटतात. पहिल्यांदा हे बघताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात! झेरॉक्सच्या कागदावर मात्र हे करू नका, त्याला लगेच सुरकुत्या पडतात.

सूर्य हिरवा होतो कारण पिवळ्यात निळा मिसळतो. आधी सूर्य रंगवा, भोवती बोटभर जागा सोडा, मग निळा.

फुग्यासाठी एक खरा फुगा फुगवून खिडकीत धरा. त्यावर उजेडाचा एक लहान पांढरा ठिपका दिसेल, आणि गाठीजवळ रबर कमी ताणलेलं असल्यानं तिथला रंग गडद दिसेल. चित्रातही तसंच. ठिपका कोरा, कडेला आणि गाठीकडे दाब जास्त. एवढ्यानं चपटेपणा जातो. निळ्यावर नारिंगी किंवा लाल फुगा सगळ्यात उठून दिसतो. तिला निळाच हवा असेल तर हट्ट मोडू नका, तो आकाशापेक्षा खूप गडद करायला सांगा.

फुलपाखराला पंख चार, दोन पुढचे आणि दोन मागचे. ते चारही छातीला जोडलेले असतात, पोटाला नाही. डावीकडे जी नक्षी, तीच उजवीकडे. रंग सुचत नसेल तर आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत घ्या. महाराष्ट्रानं 2015 मध्ये त्याला हा मान दिला आणि ते आपल्या सह्याद्रीतलंच आहे. काळेभोर पंख आणि त्यावर फिकट निळे डाग. यात आधी निळे डाग, मग काळा.

काळा खडू नेहमी शेवटी, आणि तळहाताखाली एक कोरा कागद, नाहीतर काळा सगळीकडे पसरतो. फुग्याची दोरी सगळ्यात शेवटी, एकाच फटक्यात, वाऱ्यानं थोडी वळलेली. ती पट्टीनं काढू देऊ नका.