बडोद्यात नव्याने फायबरचं काम धरणाऱ्याला

भाऊ, आधी चारच आकडे पाठ कर. जीपॉनचा (घरोघरी फायबर इंटरनेट पोचवायची एक पद्धत) प्रकाश ग्राहकाकडे 1490 नॅनोमीटर तरंगलांबीवर येतो, परत 1310 वर जातो. एक्सजीएस-पॉनचे, म्हणजे त्याच्या पुढच्या, जास्त वेगाच्या पद्धतीचे, 1577 आणि 1270. म्हणून दोन्ही एकाच फायबरवर नांदतात, नवी केबल ओढायची घाई नको.

नवखे हमखास चुकतात ते असं:

- प्रकाश मोजायचा पॉवर मीटर 1550 वर ठेवून 1490 मोजणं.
- हिरवा (तिरक्या टोकाचा) कनेक्टर निळ्यात (सरळ टोकाच्या) खुपसणं.
- दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत चौकटीच्या कोपऱ्यावर फायबर काटकोनात वळवून वर खिळा ठोकणं. 1310 ला त्याचं फारसं काही वाटत नाही, 1577 तिथेच गळतो. जीपॉन चालतं, एक्सजीएस-पॉन बसवलं की रडगाणं!

1:32 स्प्लिटर, म्हणजे एका फायबरचा प्रकाश 32 जणांत वाटणारा भाग, एकटाच साधारण 17 डीबी (प्रकाशातली घट मोजायचं माप) खातो. तेव्हा आणखी प्रकाश वाया जाऊ नये म्हणून फायबरचं टोक पुसल्याशिवाय जोडू नकोस. एनजी-पॉन2 (एकाच फायबरवर अनेक तरंगलांब्या वापरणारी आणखी एक पद्धत) सध्या राहू दे.