परिस्थिती बदलणार नसेल, तर बोलून काय होणार?

"मॅडम, मी इथे येऊन बोलल्याने सासूबाई थोड्याच चालायला लागणार आहेत?" पन्नाशीकडे झुकलेल्या एका गृहिणीचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या. हिचं डोकं सतत दुखायचं, पित्त व्हायचं, झोप नाही. तपासण्यांत काहीच निघालं नाही, म्हणून फॅमिली डॉक्टरांनी माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं होतं.

प्रश्न अगदी रास्त होता. शब्दांनी लुळा पडलेला हात हलत नाही. पण तिला त्रास कशाकशाचा होतोय, हे आम्ही दोघींनी अजून पाहिलंच नव्हतं. ती एवढंच सांगायची, "चिडचिड होते, आणि मग स्वतःचीच लाज वाटते."

मी तिला एकच रात्र सावकाश सांगायला लावली. तीन वाजता हाक येते. ही उठते, कूस बदलून देते, चादर ओली असेल तर बदलते. सासूबाई म्हणतात, "किती वेळ लावलास गं!" ही दात आवळते आणि काहीच बोलत नाही. सकाळी मात्र डब्याच्या घाईत मुलीवर खेकसते.

"दात आवळले तेव्हा मनात काय आलं?"

बराच वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली, "यातून सुटका कधी होणार, असं आलं. आणि लगेच वाटलं, मी किती वाईट बाई आहे."

मला हेच हवं होतं. हे वाक्य तिने आजवर स्वतःलाही ऐकू दिलं नव्हतं. मैत्रिणीकडे बोललं की ती म्हणते, "अगं, तू किती करतेस! देव बघतोय." प्रेमानेच म्हणते, पण विषय तिथेच मिटतो. समुपदेशक घाईने समजूत घालत नाही. त्या वाक्यापाशी थांबतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. महाराष्ट्रात ती मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचं म्हणणं असं की घटना आणि भावना यांच्यामध्ये आपली एक धारणा उभी असते. हिची धारणा होती, 'चांगल्या सुनेला सेवेचा कंटाळा येताच कामा नये.' कंटाळा तर येणारच, रात्र रात्र जागल्यावर कुणालाही येतो. पण आला की ती स्वतःला गुन्हेगार ठरवायची, त्या अपराधीपणापोटी आणखी राबायची आणि कुणाकडे मदत मागायची नाही. मदत मागणं म्हणजे गुन्हा कबूल करणंच की!

पुढच्या भेटींत आम्ही या 'कामा नये'वर वाद घातला. घरी ती वहीत लिहायची: काय घडलं, मनात काय आलं, अंगात काय झालं. घसा आवळला की पाठोपाठ आवाज चढतो, हे तिचं तिलाच सापडलं. मी सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि विसरून गेली असती. 'मला कंटाळा आलाय आणि तरी माझा जीव आहे त्यांच्यावर,' ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता आली, त्या दिवशी ती खूप रडली.

त्यानंतर तिने नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "मला रात्रीची झोप हवी." ब्युरोतून रात्रीची बाई आली. रविवारी नणंद येऊ लागली. सासूबाई अजून अंथरुणावरच आहेत, चिडचिडही अधूनमधून होतेच. पण डोकेदुखीच्या गोळ्या कमी झाल्या, आणि खेकसल्यावर ती मुलीला सांगते, "माझी झोप झाली नाही, तुझं काही चुकलं नाही." माझ्या लेखी हा फार मोठा बदल आहे.

सगळ्यांना नुसत्या बोलण्याने बरं वाटतंच असं नाही. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, भूक मेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायलाच हवं. तिथे औषधं आणि संवाद दोन्ही लागू शकतात. कुठून सुरुवात करावी ते कळत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवायची गरज नाही. "मला नीट सांगता येत नाहीये," इथून सुरुवात केली तरी चालते.