‘तुझं तू ठरव’ म्हणणारा नवरा आणि दुसरं बाळ

मी समुपदेशक आहे. तिशीतल्या बायका माझ्याकडे हल्ली एक प्रश्न इतक्यांदा घेऊन येतात की, दोन वाक्यांतच मला तो ओळखू येतो. पहिलं मूल चार-पाच वर्षांचं असतं. नोकरीत दहाएक वर्षं गेलेली असतात आणि त्या कामाचा आता वीट आलेला असतो. काहीतरी वेगळं शिकायचं असतं, नव्याने सुरुवात करायची असते. नेमकं तेव्हाच घरात ‘आता दुसऱ्याचं बघा’ सुरू झालेलं असतं. मॅडम, आधी काय करू? विचारायला ती बहुधा एकटीच येते. नवऱ्याबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं: "तो म्हणतो, तुझं तू ठरव, माझा पूर्ण सपोर्ट आहे."

हे शेवटचं वाक्य ऐकलं की पुढच्या एखाद्या भेटीला मी नवऱ्याला बोलावतेच. माझे सहकारी यावरून मला हसतात. हसू देत.

मुक्ताचं सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला तिची हरकत नाही. वय 34, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, मुलगी ईरा पाच वर्षांची. मुक्ताला शाळेत गणित शिकवायचं होतं. सोसायटीतल्या मुलांना अपूर्णांक समजावताना तिला जे समाधान मिळायचं, ते ऑफिसात कधीच मिळालं नव्हतं. पहिल्याच भेटीत तिने पर्समधून घडी घातलेला एक मोठा कागद काढला. एक्सेलची प्रिंट. वर तीन वर्षांचे महिने आणि खाली ओळी: सीईटी, बी.एड., बाळ, ईराची पहिली, डे-केअर, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. पिवळे, हिरवे, लाल चौकोन. टेस्टरचाच कागद तो. ‘ईरा आजारी पडली तर’ यालासुद्धा स्वतंत्र ओळ होती. "कसंही फिरवलं तरी बसत नाही हो," ती म्हणाली.

मी कागद बाजूला ठेवला.

"समजा, तुम्ही दोघांनी ठरवलं की ईरा एकटीच पुरे. मग नोकरीचं काय कराल?"

"सोडेन." क्षणाचाही विचार नाही. मग थांबली. "म्हणजे, सोडता नाही येणार. कारण काय सांगू? आई म्हणतील, एवढा चांगला पगार आहे. माझे बाबा तर बोलणंच टाकतील."

"आणि बाळ झाल्यावर सोडली तर?"

"तेव्हा कोण काय विचारणार?"

हे बोलून ती माझ्याकडे बघतच राहिली. नोकरी सोडण्याचं चारचौघांत चालेल असं एकच कारण तिला सापडलं होतं आणि ते अजून जन्मायचं होतं. अशा वेळी लगेच काही बोलायचं नाही, हे मी अनुभवाने शिकले आहे. समोरच्या माणसाला आपलंच वाक्य ऐकू आलेलं असतं. त्यावर आपण भाष्य करायला लागलो की ते वाक्य आपलं होऊन बसतं.

पुढच्या भेटीत मी प्रश्न उलटा केला. "शाळेतली नोकरी मिळालीय, काम आवडतंय, घरचं कोणी काही बोलत नाहीये. आता बाळ हवंय?"

या वेळी तिने बराच वेळ घेतला. "हवंय. ईराच्या वेळी मी सगळं घाबरत घाबरत केलं. एकदा न घाबरता करायचंय."

म्हणजे दोन्ही इच्छा खऱ्या होत्या, फक्त एकीच्या आड दुसरी लपली होती. आधी काय नि मग काय हा प्रश्न सोडवायला बसण्यापूर्वी मी प्रत्येक जोडप्याला दोन्ही निर्णय असे सुटे करायला लावते. अनेकींना इथेच कळतं की, त्यांना दोहोंपैकी एकच गोष्ट हवी आहे.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या परंपरेत शिकले. परिस्थितीपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्ट आपल्याला जास्त छळतो, असं मी मानते. आपला निर्णय घरातल्या प्रत्येकाला पटलाच पाहिजे, नाहीतर आपण वाईट, हा मुक्ताचा हट्ट होता. यावर तासन्‌तास चर्चा करण्यापेक्षा करून बघणं बरं. म्हणून मी तिला गृहपाठ दिला: वडिलांना फोन करायचा आणि बाळाचं नाव न काढता सांगायचं, मला ही नोकरी नकोशी झालीय, पुढेमागे सोडणार आहे. तिने केला. बाबा चिडले, फोन ठेवला, दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ईराच्या गॅदरिंगचे फोटो का पाठवले नाहीत म्हणून त्यांचाच फोन आला. वडिलांना तिचं म्हणणं पटलं नव्हतंच, पण तेवढ्याने काही कोसळलं नाही, हे मुक्ताने स्वतः पाहिलं.

मग सौरभला बोलावलं. सभ्य, हसतमुख माणूस. आल्या आल्या म्हणाला, "मी सगळं तिच्यावरच सोपवलंय, मॅडम. माझा कशालाच विरोध नाही." मी तो कागद त्याच्यापुढे उघडला. "यात तुम्ही कुठे आहात, दाखवा." त्याने शोधलं. तीन वर्षांच्या त्या कागदावर त्याचं नाव एकाच चौकोनात होतं: ‘ईराला सोडणे – सौरभ’. मी पेन्सिल पुढे केली. म्हटलं, तुमची ओळ तुम्ही भरा. बराच विचार करून त्याने मार्चखाली लिहिलं, ‘इयर एंड’. मुक्ताला हसू फुटलं. तोही हसला आणि मग एकदम गप्प झाला.

"खरं सांगू? एका पगारावर घराचा हप्ता निघेल की नाही, याने मला रात्री झोप लागत नाही."

"हे तू मला कधी बोलला नाहीस," मुक्ता म्हणाली.

"बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, सपोर्ट नाही करत. म्हणून म्हटलं, तुझं तू ठरव."

इतक्या जोडप्यांशी बोलून माझं असं मत झालंय की, ‘तुझं तू ठरव’ हा बहुतेक वेळा न बोललेला नकार असतो, नाहीतर न बोललेली भीती. त्यात उदारपणा दिसतो, पण निर्णय चुकला तर तो कोणाचा होता, हेही त्यातच ठरून गेलेलं असतं. सौरभच्या तोंडून भीती बाहेर पडल्यावर मुक्ता चिडेल असं मला वाटलं होतं. तिने खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि हप्त्याचा आकडा विचारला. इतके दिवस पदर खोचून एकटी उभी असलेली बाई पहिल्यांदा दुकटी झाली.

त्यानंतर गणित पटापट सुटलं. बी.एड. दोन वर्षांचं. वर्गाला किमान 80 टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के हजेरी लागते, आणि ती इंटर्नशिपच सुमारे 20 आठवड्यांची. बाळंतपण त्यात कोंबणं म्हणजे दोन्हीकडून फरफट. उलट चालू नोकरीत, मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे. त्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत तिथे किमान 80 दिवस काम झालेलं असावं लागतं. गरोदरपणात नोकरी बदलणाऱ्या मुली नेमक्या इथेच अडकतात. कंपनीचा विमा सुटला आणि स्वतःची नवी पॉलिसी घेतली, तर बाळंतपणाच्या खर्चासाठी बऱ्याचदा दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. तेही आधी वाचून घ्यावं. सौरभ खासगी कंपनीत. केंद्र सरकारी नोकरदार बापाला 15 दिवसांची रजा असते, खासगीत तसं बंधन नाही. म्हणून त्याने स्वतःच्या हक्काच्या रजा साठवायचं ठरवलं आणि ते स्वतःच्या हाताने त्या कागदावर लिहिलं.

ठरलं असं: आधी बाळ, याच नोकरीत. बाळ वर्षाचं झालं की सीईटी आणि बी.एड. तोवर हप्त्याची सोय म्हणून मुक्ताचा अर्धा पगार वेगळ्या खात्यात. "रजा घेऊन नंतर नोकरी सोडणं म्हणजे फसवणूक नाही का?" तिने विचारलं. मला तसं वाटत नाही. रजा हा तिचा हक्क आहे, कंपनीने केलेले उपकार नाहीत. शिवाय रजेनंतर ती काही महिने कामावर जाणारच होती. गंमत म्हणजे सुटकेची तारीख डोळ्यांसमोर आल्यावर त्याच नोकरीबद्दलची तिची कुरकुर निम्म्याने कमी झाली.

हाच क्रम सगळ्यांना लागू नाही. मुक्ता 29 ची असती तर मी कदाचित बी.एड. आधी म्हटलं असतं. शिक्षण चाळिशीतही करता येतं, गर्भधारणेची शक्यता मात्र पस्तिशीनंतर ठळकपणे उतरत जाते. पस्तिशीच्या आत वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरांना भेटावं. ‘एएमएच’ या हार्मोनची रक्तचाचणी करून घाबरून येणाऱ्या मुली मला भेटतात. त्या आकड्यावरून स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज येतो. नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही, हे तो सांगत नाही. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवस राहण्याआधीच सुरू करायच्या असतात, आणि थायरॉईड नि साखरही तेव्हाच तपासून घ्यावी.

सासू-सासऱ्यांना कधी सांगायचं, हेही खूपजणी विचारतात. दोघांचं पक्कं ठरल्यावर आणि दोघांनी एकत्र. तिने स्वयंपाकघरात सासूबाईंना आणि त्याने नंतर फोनवर वडिलांना, असं सांगितलं की दोन वेगवेगळ्या गोष्टी घरभर होतात.

मुक्ता-सौरभच्याच सुमारास आणखी एक जोडपं यायचं. ती बँकेत अधिकारी, तिला वकिली शिकायची होती. त्या दोघांनीही दोन निर्णय सुटे केले, कागदावर दोघांच्या ओळी भरल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की दुसरं मूल हवं आहे ते फक्त आजी-आजोबांना. ते तिघंच राहिले. आजी सहा महिने फुगून बसल्या होत्या. आता सूनबाईंच्या परीक्षा असल्या की नातवाचा डबा त्याच करतात, आणि करताना ऐकवायचंही सोडत नाहीत.