वडिलांच्या उरलेल्या गोळ्या मामांना न्याव्यात का?

प्रश्न : वडिलांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी ट्रामाडोल-पॅरासिटामोलच्या गोळ्या दिल्या होत्या. दुखणं थांबलं, दहा-दहाच्या दोन स्ट्रिप उरल्या. निपाणीच्या मामांचा गुडघा ठणकतोय, ते म्हणतात येताना घेऊन ये. आमचा केमिस्ट म्हणाला, "कोगनोळी नाक्यावर धरलं तर ड्रगची केस होईल." पेनकिलरवर कुठं अशी केस होते का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : होते. केमिस्टनं तुम्हाला उगाच भीती घातलेली नाही. 26 एप्रिल 2018 च्या अधिसूचनेनं ट्रामाडोल एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आलं. पॅरासिटामोल, डायक्लोफिनॅक त्यात नाहीत. म्हणून "पेनकिलरच तर आहे" असं म्हणून भागत नाही. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचायची.

वडिलांना काळजी नको. स्वतःच्या उपचारासाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, एका वेळी 100 गोळ्यांपर्यंत जवळ ठेवायला नियमांत मुभा आहे. दीर्घ उपचार म्हणून डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल तर 300 पर्यंत. पण ही मुभा ज्याच्या नावाची चिठ्ठी त्याला. मामांचं नाव त्यावर नाही, आणि तुमचंही नाही.

आता वजनाचं बघा, पक्षकार इथंच गाफील राहतात. ट्रामाडोलची 'अल्प मात्रा', म्हणजे कमी शिक्षेची हद्द, 5 ग्रॅम. तुमच्या गोळीत ते बहुधा 37.5 मिलिग्रॅम असेल, म्हणजे वीस गोळ्यांत जेमतेम पाऊण ग्रॅम. पण हिरा सिंग खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं मिश्रणातला बाकीचा मालही वजनात धरायला सांगितलं. प्रत्येक गोळीतलं 325 मिलिग्रॅम पॅरासिटामोल मिळवलं की सव्वासात ग्रॅम भरतात. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेचं प्रकरण असं दहा वर्षांपर्यंतच्या कलमात जातं. बिचाऱ्या पॅरासिटामोलचा यात काय दोष, पण कायदा असा आहे.

दोन स्ट्रिपसाठी नाक्यावर कुणी तुमची पिशवी उपसेल, असं मला वाटत नाही. उपसलीच, तर "मामांना द्यायला चाललोय" हा बचाव ठरत नाही, उलट अडचण वाढते.

मामांनी निपाणीतच डॉक्टरांना गुडघा दाखवावा आणि स्वतःच्या नावाची चिठ्ठी घ्यावी. ते नैराश्यावरच्या किंवा फिटच्या गोळ्या घेत असतील तर तेही तिथं आवर्जून सांगावं. काहींसोबत ट्रामाडोल घातक ठरतं.