कच्च्या लाकडावर नैसर्गिक रंग देऊन चेहरा: पट्टे, पसरलेली शाई आणि राखाडी गाल

तुमचा प्रश्न असा आहे: पाइनच्या फळीला चहाचा रंग दिला, त्यावर व्हिनेगरमध्ये स्टील वूल भिजवून केलेलं पाणी फिरवलं आणि शाईच्या पेनाने चेहरा काढला. गालावर पट्टे उमटले, शाई पसरली आणि चेहरा आजारी माणसासारखा राखाडी झाला. तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत, पण मुळात एक गोष्ट सुटली आहे. रंग दिलेली फळी म्हणजे चित्राची पार्श्वभूमी नव्हे, ती चेहऱ्याच्या त्वचेचा मधला टोन आहे. हे एकदा ठरलं की लाकूड कोणतं, रंग किती गडद आणि पेन आधी की लाख आधी, हे सगळं त्यावरूनच ठरत जातं.

आधी पट्टे. पाइनमध्ये दरवर्षीच्या वाढीचा एक भाग मऊ आणि फिकट असतो, दुसरा कडक आणि गडद. पाण्यातला रंग मऊ भाग भराभर पितो, कडक भाग जवळजवळ पीत नाही. त्यामुळे मूळचा फिकट पट्टा गडद होतो, गडद पट्टा फिकट राहतो आणि नस (लाकडातल्या वाढीच्या रेषा) फोटोच्या निगेटिव्हसारखी उलटी दिसते. असा पट्टा गालावरून गेला की कितीही शेडिंग केलं तरी तो सुरकुतीसारखाच वाचला जातो. पोर्ट्रेटसाठी बर्च, मेपल, लिंडेन, पॉपलर अशी बारीक आणि एकसारख्या नसेची फिकट लाकडं घ्या. सागवान आधीच गडद आणि तेलकट असतं, ते या कामाला सोयीचं नाही. पाइनच वापरायचं असेल तर सरळ, जवळजवळच्या रेषांची फळी निवडा. कमानीसारखी नस आलीच तर ती केसांत किंवा कपड्यांत जाईल अशी चेहऱ्याची जागा ठरवा. गाठ चेहऱ्यावर नको; तिच्यातून राळ पाझरत राहते आणि वरचा थर पिवळा पडतो.

नस उभी ठेवलेली बरी. लिओनार्दोची मोनालिसा पॉपलरच्या एकाच फळीवर उभ्या नसेने रंगवलेली आहे आणि वरच्या काठावरून केसांपर्यंत उतरलेली तिची जुनी चीर नसेच्याच दिशेने गेली आहे. लाकूड नसेला आडवं फुगतं आणि आकसतं. म्हणून फळीमागे आडव्या पट्ट्या गोंद लावून घट्ट बसवू नका. फळीला हलायला वाव राहिला नाही की ती तडकते.

घासण्यात घाई नको. १२०, १८०, २२० नंबरचे (नंबर वाढेल तसा बारीक) काचपेपर या क्रमाने नसेच्या दिशेनेच चालवा. मग ओल्या फडक्याने फळी पुसा, पूर्ण वाळू द्या, उभे राहिलेले तंतू ३२० ने हलक्या हाताने काढा. ही पायरी चुकवली तर तेच तंतू रंगाच्या पाण्याने उभे राहतात आणि पेनाचं टोक त्यांत अडकतं. इथे स्टील वूल वापरू नका. त्याचे कण लाकडात राहिले तर टॅनिनशी (लाकडातल्या तुरट द्रव्याशी) संयोग होऊन बारीक काळे ठिपके पडतात आणि ते गालावर तिळासारखे दिसतात.

आता रंग. पाव लिटर पाण्यात सुमारे २० ग्रॅम काळी चहापत्ती १५ मिनिटं उकळा, थंड करून कापडातून गाळा. फळी आधी साध्या पाण्याने ओलसर करून घेतली की रंग ठिगळासारखा न बसता सारखा पसरतो. रुंद ब्रशने काठापासून काठापर्यंत न थांबता हात फिरवा. एक हात वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका, कारण ओला रंग नेहमी जास्त गडद वाटतो. कात किंवा अक्रोडाच्या हिरव्या सालीचा रंग आणखी उबदार तपकिरी येतो. हळद आणि बीट मात्र चित्रात नकोतच. दोन्ही उजेडात लवकर फिकी पडतात.

चेहरा राखाडी झाला तो लोखंडामुळे. व्हिनेगरमधलं लोखंड लाकडातल्या किंवा चहातल्या टॅनिनशी जोडलं जाऊन निळसर काळा रंग बनतो. पाइनमध्ये टॅनिन कमी असतं, पण तुम्ही आधी चहा दिलात, म्हणजे टॅनिन आयतंच पुरवलंत. हा रंग केसांना, भुवयांना, गडद कपड्यांना अप्रतिम दिसतो. त्वचेवर तो प्रेताची कळा आणतो. म्हणून चहा सगळीकडे आणि लोखंड फक्त केसांत. ०००० नंबरचं, म्हणजे अगदी बारीक, सुमारे १५ ग्रॅम स्टील वूल साबणाने धुऊन त्याचं तेल काढा, तोडून अर्धा लिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये काचेच्या बरणीत टाका. झाकण सैल ठेवा, कारण हायड्रोजन वायू सुटतो. याच कारणासाठी बरणी ज्योतीपासून लांब असावी. दोन ते सात दिवसांनी गाळा. पोर्ट्रेटसाठी त्याचा एक भाग पाच ते दहा भाग पाण्यात मिसळा आणि बारीक ब्रश जवळजवळ कोरडा करून लावा. रंग लगेच दिसत नाही, काही मिनिटांत चढायला लागतो आणि पुढचे काही तास गडद होत राहतो. पहिला हात फिका वाटला म्हणून लगेच दुसरा देणं, इथेच बहुतेकांचं चित्र बिघडतं. जुनं पाणी गंजून तांबूस झालं असेल तर केसांना नारिंगी झाक येते. मग ताजं करा. या पाण्याचा ब्रश वेगळाच ठेवा.

शाई पसरते ती लाकडाच्या उघड्या नळ्यांमधून. उपाय म्हणजे रंग पूर्ण वाळल्यावर लाखेचा पातळ हात: १०० मिली स्पिरिटमध्ये ६ ग्रॅम चपडा (लाखेच्या पातळ पापड्या). असे दोन हात, मध्ये तासभर वाळवून, मग ४०० ने नुसतं फुंकर घातल्यासारखं घासा. त्यावर पाण्याची पिगमेंट शाई रेषा धरून राहते. स्पिरिटचे मार्कर त्यावर चालणार नाहीत, ते लाखच विरघळवतात. पेन्सिल किंवा कोळसा वापरणार असाल तर क्रम उलटा करा: चित्र आधी, लाख नंतर. लाखेवर ग्राफाइट घसरतं आणि गडद बसत नाही.

चित्र उतरवताना ग्राफाइटचा ट्रान्सफर कागद वापरा आणि हात हलका ठेवा. मऊ लाकडात दाबाची खाच पडते, तिच्यात शाई साचते आणि ती रेघ नंतर काढता येत नाही. त्याआधी मूळ फोटो कृष्णधवल करून चार-पाच टोनांत विभागा. रंगवलेल्या तुकड्याचाही कृष्णधवल फोटो काढून शेजारी ठेवा. फोटोतला जो टोन लाकडाशी जुळतो, तिथे काहीच काढायचं नाही. गालाचा मोठा भाग, कपाळ, नाकाची बाजू बहुतेक वेळा यातच येते. शाई फक्त त्याहून गडद जागी. लाकूड गडद झालं असेल तर सगळी गणितं चुकतात, म्हणून रंग थोडा फिकाच थांबवावा.

उजेड पांढऱ्या पेनाने भरण्याआधी खरवडून पाहा. पाण्याचा रंग लाकडात अगदी वरवर जातो. धारदार पात्याचं टोक आडवं धरून डोळ्याच्या बाहुलीतला ठिपका, खालच्या पापणीचा ओला काठ, नाकाचा शेंडा एवढंच खरवडा. आतलं फिकट लाकूड निघतं आणि तो उजेड चेहऱ्यातूनच आल्यासारखा दिसतो. पांढरी शाई वरून चिकटवल्यासारखी वाटते. हे लाखेच्या आधी केलं तर खरवडलेल्या जागीही लाख बसते आणि शेजारची शाई तिथे घुसत नाही. मोठ्या भागासाठी पेन्सिलीच्या टोकाला गुंडाळलेला ४०० चा तुकडा पुरतो.

शेवटचा थर ब्रशने देऊ नका, कोळसा आणि पेन्सिल दोन्ही पुसटतात. स्प्रे तीसेक सेंटीमीटरवरून, तीन पातळ हात, अतिनील किरणं अडवणारा असेल तर उत्तम. जवसाचं तेल टाळा. ते मधला टोन गडद करून काळानुसार पिवळं पडतं, आणि त्याचे बोळे करून ठेवलेले फडके आपोआप पेटू शकतात. फळीच्या मागच्या बाजूलाही तेवढेच रंगाचे आणि लाखेचे हात द्या. एकच बाजू बंद केली तर दोन्ही बाजू सारखा दमटपणा घेत नाहीत आणि फळी बाक धरते.

सध्याची फळी टाकू नका. शाईच्या रेषा खोल गेल्या नसतील तर १२० ने समोरची बाजू उतरवा. कडक पट्टे पुन्हा दिसतील, पण मागची बाजू कोरी असेल तर तिच्यावर वरच्या प्रमाणाने चहाचे एक, दोन आणि तीन हात शेजारी शेजारी देऊन नमुना करून घ्या. एक भाग लाखेचा आणि एक बिनलाखेचा ठेवून दोन्हींवर तुमच्याच पेनाने रेषा ओढा. कोणत्या हातावर थांबायचं ते त्या फळीवरच दिसेल.